डॉक्टर सांगलीत, मेडिकल कुंभकोणमात

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या पाण्याला महाग असलेल्या पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. जिथे सराफी पेठ आहे तिथे मागच्या बोळात भट्टी पेटवून बसलेलं एखादं मराठी कुटुंब सापडण्याची शक्यता बरीच. तमिळनाडू हा त्यांचा जुना मुलूख. समजा, यांच्यातला तिशीतला एकजण कुंभकोणमच्या पेठेत काम करतो. गेले दोन-तीन महिने त्याला मध्यरात्री जाग येते. छातीत धडधड, हातपाय गार, घशाला कोरड, आणि आता आपलं काही खरं नाही ही खात्री. ईसीजी काढून झाला, थायरॉईड तपासून झालं, सगळं ठीक निघालं. भाव, वजन, टंच यांपुरतं तमिळ त्याला फर्डं येतं. जीव घाबरा होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र परक्या भाषेत सांगता येत नाही. मग तो मोबाइलवर सांगलीचा एक मानसोपचारतज्ज्ञ गाठतो. व्हिडिओवर अर्धा तास मराठीत बोलणं होतं. शेवटी तो म्हणतो, “डॉक्टर, मेव्हणा घेतो ती अल्प्राझोलम लिहून द्या ना, एका गोळीत शांत वाटतं म्हणे.” डॉक्टर म्हणतात, “दुसरं औषध देतो. ती गोळी फोनवरून लिहिता येत नाही.”

माणूस काल्पनिक आहे, पण डॉक्टरांचं उत्तर कायद्यातलं आहे. ते असं का, आणि मग कायदेशीर वाट कुठून जाते, हे समजून घेण्याजोगं आहे. रुग्ण आणि डॉक्टर वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या भाषांत असण्याची वेळ आता फक्त गलाईवाल्यांवर येत नाही.

फोनवरून उपचार करावेत की नाही, याबद्दल २०२० पर्यंत आपल्याकडे नीट नियमच नव्हता. रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दांपत्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर रुग्णालयात हजर नसताना त्यांनी फोनवरून दिलेल्या सूचनांवर उपचार झाले होते आणि रुग्ण दगावली होती. त्या निकालानंतर महाराष्ट्रातले अनेक डॉक्टर फोनवर ‘बरं वाटत नसेल तर येऊन जा’ यापलीकडे बोलायला कचरू लागले. मग कोविड आला. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्राने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या आणि त्या डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडल्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आणली खरी, पण त्याच महिन्यात ती स्थगित केली. म्हणून आजही आधार २०२० च्या सूचनांचाच आहे.

त्यातली आपल्या गोष्टीतल्या माणसाच्या सोयीची बाब अशी, की नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला दूरवरून तपासू शकतो. सांगलीच्या डॉक्टरला तमिळनाडूत वेगळा परवाना लागत नाही. गैरसोयीची बाब औषधांच्या याद्यांत आहे. सूचनांनी औषधांचे चार गट पाडले. ‘ओ’ यादीत पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं, जी नुसत्या फोनवरही सांगता येतात. ‘ए’ यादीत तुलनेने सुरक्षित, व्यसनाची भीती कमी असलेली औषधं. ती पहिल्याच भेटीत देता येतात, पण भेट व्हिडिओवर हवी. ‘बी’ यादी आधी समोरासमोर तपासलेल्या रुग्णासाठी, त्याच आजारात भर म्हणून. आणि चौथी यादी मनाई असलेली: औषध नियमांतल्या शेड्यूल एक्स या कडक यादीतली औषधं, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या एनडीपीएस कायद्यात, नोंदलेली अमली आणि मनोप्रभावी द्रव्यं. अल्प्राझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, झोपेसाठी दिली जाणारी झोल्पिडेम ही सगळी त्या कायद्याच्या परिशिष्टात आहेत. गांजा-हेरॉइनचा म्हणून ओळखला जाणारा कायदा आजीच्या उशाखालच्या झोपेच्या गोळीलाही लागू असतो, हे बहुतेकांना माहीत नसतं.

ही मनाई पहिल्याच दिवसापासून मानसोपचारतज्ज्ञांना अडचणीची वाटली. भारतीय मानसोपचार संघटना, बेंगळुरूची निम्हान्स आणि टेलिमेडिसिन सोसायटी यांनी मिळून २०२० मध्येच दूरमानसोपचाराच्या वेगळ्या सूचना तयार केल्या. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम आणि फिनोबार्बिटोन या तीन औषधांना व्हिडिओ-भेटीच्या अटीवर मोकळीक मिळाली. तिन्ही औषधं फिट्सच्या रुग्णांना लागतात आणि ती एकाएकी थांबली तर जीवावर बेतू शकतं. टाळेबंदीत असे रुग्ण अडकले होते. क्लोनाझेपाम चिंताविकारातही वापरतात, त्यामुळे ती खिडकी त्या रुग्णांसाठीही थोडी किलकिली झाली. अल्प्राझोलम मात्र दाराबाहेरच राहिली.

हा फरक मला तरी लहरी वाटत नाही. या जातीच्या औषधांची, बेंझोडायझेपिनांची, सुरुवात लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत झाली. हॉफमन-ला रोश या कंपनीसाठी त्याने शोधलेलं लिब्रियम १९६० साली बाजारात आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम. आधीच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त झाल्या की श्वास थांबायचा. त्यामानाने ही औषधं इतकी निर्धोक भासली की पुढची दोन दशकं ती पाश्चात्त्य जगात मुक्तहस्ताने लिहिली गेली. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींची खळबळ आवरत असतं. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवते. अर्ध्या-एक तासात धडधड शमते. रुग्णाला असा तात्काळ उतार दुसऱ्या कशानेच पडलेला नसतो, म्हणून त्याचा तिच्यावर विश्वास बसतो, आणि मुळातली गोम इथेच आहे. काही आठवड्यांत मेंदू या जादा पायाची सवय करून घेतो. तेवढ्याच गोळीने पूर्वीइतकं शांत वाटेनासं होतं, आणि गोळी चुकली तर मूळ आजारापेक्षा मोठी घबराट, थरथर, निद्रानाश, क्वचित फिट. अल्प्राझोलम शरीरातून लवकर उतरते, अर्धी मात्रा साधारण अकरा तासांत. म्हणून तिचा रुग्ण दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातही अस्वस्थ होतो आणि म्हणतो, “बघा, माझा आजार किती वाढलाय.” त्यातलं आजाराचं किती आणि गोळीचं किती, हे वेगळं काढायला मोबाइलचा पडदा फारच अपुरा पडतो. दारू जोडीला असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात. सांगलीच्या डॉक्टरला कुंभकोणमच्या रुग्णाच्या तोंडाचा वास येत नाही, हात किती कापतो ते धड दिसत नाही, आणि आधीच्या आठवड्यात हीच गोळी आणखी दोन डॉक्टरांनी दिली आहे का, हेही कळत नाही.

आणि खरी गोष्ट ही, की चिंताविकारावरचा पहिल्या पसंतीचा उपचार या गोळ्या नाहीतच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं आणि जोडीला विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन, हा आज बहुतेक मार्गदर्शिकांमधला पहिला सल्ला आहे. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, पण एनडीपीएसमध्ये मोडत नाहीत. व्हिडिओवर ती लिहून देता येतात. त्यांची मोठी अडचण अशी: गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिले काही दिवस अस्वस्थता उलट वाढल्यासारखी वाटते. नेमक्या या दिवसांसाठी डॉक्टर कधीकधी थोडी बेंझोडायझेपिन देतात, दोन-चार आठवड्यांपुरती. म्हणजे ज्या औषधासाठी लोक ऑनलाइन धडपडतात ते फार तर सुरुवातीच्या आधाराचं, आणि जे सरळ मार्गाने मिळतं ते मुख्य. हे उलटं चित्र समजलं की निम्मी धडपड संपते.

उरलेल्या निम्म्यासाठी सूचनांतली एक तरतूद उपयोगी आहे. त्याच डॉक्टरकडे त्याच आजारासाठी समोरासमोर झालेल्या भेटीनंतर सहा महिन्यांच्या आतलं बोलणं पाठपुरावा मानलं जातं, आणि पाठपुराव्यात डॉक्टरला अधिक मोकळीक असते. परगावी राहणारा मराठी माणूस दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला येतोच. त्या भेटीत सांगलीच्या दवाखान्यात एकदा प्रत्यक्ष तपासून घेतलं तर पुढचे सहा महिने फोनवरचा उपचार जास्त भक्कम पायावर चालतो. मनाईच्या यादीतलं औषध तरीही पडद्यावरून मिळणार नाही. ते खरोखर लागत असेल तर कुंभकोणमच्या सरकारी मुख्यालय रुग्णालयात किंवा चाळीसेक किलोमीटरवरच्या तंजावर वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात जावं लागेल, किंवा खासगी तज्ज्ञाकडे. सांगलीच्या डॉक्टरने इंग्रजीत लिहून दिलेला दोन परिच्छेदांचा वृत्तान्त सोबत असला की भाषेची अडचण बरीच ओसरते. समोरासमोर भेटायला तयार असलेल्या रुग्णाला डॉक्टरने फोनवरच अडवून ठेवणं हा सूचनांनुसार गैरवर्तनाचा प्रकार आहे, आणि एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने स्वतः सल्ला देणं किंवा औषध लिहिणंही त्यांत मना आहे. प्रश्नावली भरून घेऊन पाच मिनिटांत ‘चिंतेची गोळी’ देणारं ॲप दिसलं, डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक कुठेच नसला, तर तिथून बाहेर पडलेलं बरं.

बोलणं दूरवर जाऊ शकतं, गोळी जाऊ शकत नाही, ही अडचण तमिळनाडूतल्या एका संस्थेने कोविडच्या दहा वर्षं आधीच ओळखली होती. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली चेन्नईत स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन, म्हणजे स्कार्फ, सुरू केली. २००४ च्या त्सुनामीनंतर संस्थेने किनाऱ्यावरच्या लोकांसाठी दूरमानसोपचार करून पाहिला. मग २०१० मध्ये तंजावरच्या शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक खास बांधून घेतलेली बस फिरू लागली. बसच्या एका भागात पडदा आणि कॅमेरा. रुग्ण तिथे बसून चेन्नईच्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायचा. दुसऱ्या भागात औषधांचं दुकान. चेन्नईत लिहिलेली चिठ्ठी बसमध्येच हाती यायची आणि औषध तिथल्या तिथे, फुकट. बसबरोबर गावपातळीवरचे कार्यकर्ते होते, रुग्णाला ओळखणारे, घरी जाऊन चौकशी करणारे. भारतात मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाण लाखामागे एकापेक्षा कमी, साधारण पाऊण, आहे आणि ते बहुतांशी शहरांत; तेव्हा पडदा लागणारच. पण पडद्याजवळ औषध मोजून देणारं आणि रुग्णाचा चेहरा ओळखणारं कोणीतरी असावं लागतं. स्कार्फच्या बसला हे सुचलं, नंतरच्या कित्येक चकचकीत ॲपना सुचलं नाही.

कुंभकोणमात बस नाही, मेडिकल आहे, आणि तिथला काउंटर हाच कायद्याचा दुसरा दरवाजा. औषध नियम, १९४५ मधला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठी लेखी हवी, तारीख आणि डॉक्टरची सही हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा. आणि ‘पुन्हा द्यावे’ असं डॉक्टरने लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. दूरच्या डॉक्टरची सही केलेली, स्कॅन किंवा ई-सही असलेली चिठ्ठी चालते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. त्यात ४६ औषधं होती: बरीचशी प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, आणि अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम अशा सवय लावणाऱ्या गोळ्या. यांची विक्री झाली की दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते. पाकिटावर लाल अक्षरात ‘एनआरएक्स’ दिसलं की समजावं, हे एनडीपीएसमधलं आहे. (रुग्णांच्या टिपणांचा तंजावरला जुना नाद आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या धन्वंतरी महालातल्या नेत्ररुग्णांच्या चित्रांसह नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. एच-१ ची वही त्यापुढे फारच रुक्ष, पण काम तिचंही तेच: कोणाला काय दिलं हे दोनशे वर्षांनी नाही तरी तीन वर्षांनी कळावं.)

परराज्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी म्हणून औषध नाकारावं असा नियम नाही. तरी दुकानदार बिचकतो, आणि त्याला दोष देता येत नाही; वही तपासायला निरीक्षक येतो तेव्हा उत्तर त्याला द्यायचं असतं. म्हणून चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि फोन, रुग्णाचा कुंभकोणमचा पत्ता, आणि छापील प्रत. नेहमीचं एकच मेडिकल धरून ठेवणं हाही व्यवहारातला शहाणपणा, तिसऱ्या खेपेला दुकानदारच विचारतो, “डॉक्टरना कधी भेटलात?” आणि तो प्रश्न औषधाइतकाच कामाचा असतो.

घरपोच मागवण्याचं काय? इथे कायदा अजून अर्धवट शिजलेला आहे. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला. त्यातही अमली आणि मनोप्रभावी द्रव्यं, शेड्यूल एक्स यांची ऑनलाइन विक्री बंदच ठेवली होती. मसुदा अंतिम झालाच नाही. त्याच डिसेंबरात तमिळनाडूच्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नियम होईपर्यंत ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं, आणि महिन्याभरात खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने टाळेबंदीत मेडिकलवाल्यांना घरपोच औषधं द्यायची परवानगी मिळाली, पण त्याच महसुली जिल्ह्यात आणि मनोप्रभावी औषधं वगळून. त्यामुळे सांगलीच्या मेडिकलमधून भावाने कुरियरने पाठवलेलं पाकीट हा घरगुती उपाय भाबडेपणाचा आहे. गोळ्या हातात बाळगण्यालाही मर्यादा आहे: एनडीपीएस नियमांच्या ६६ व्या नियमानुसार स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत, दीर्घ उपचार म्हणून डॉक्टरने स्पष्ट लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. रेल्वेने गावी निघताना पाकीट फोडून डबीत भरण्यापेक्षा मूळ पट्टी आणि चिठ्ठी एकत्र ठेवावी.

अमेरिकेतल्या मराठी नातेवाइकांना हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने कळते. इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी १८ वर्षांचा रायन हेट २००१ मध्ये मरण पावला, आणि त्याच्या नावाने २००८ साली झालेल्या कायद्याने एकदा तरी समोरासमोर तपासल्याशिवाय नियंत्रित औषधं ऑनलाइन लिहायला बंदी केली. कोविडमध्ये ती अट शिथिल झाली आणि सवलतीला पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली. तिथे व्हिडिओवर अल्प्राझोलम मिळू शकते, इथे नाही. सवलतीच्या काळात एकाग्रतेच्या गोळ्या घाऊक लिहून देणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीच्या संस्थापिकेला जून २०२४ मध्ये तिथे अटक झाली. भारताने बंद ठेवलेलं दार उघडल्यावर काय आत येतं, याचा नमुना म्हणून ते प्रकरण पाहण्यासारखं आहे.

सरकारी मदत फुकट आणि कमी माहितीची आहे. टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास. तमिळ आणि मराठी दोन्हींत बोलता येतं. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक, गरज असेल तर पुढे तज्ज्ञ. २०२४ च्या ऑक्टोबरात व्हिडिओची सोय आधी तीनच ठिकाणी आली: कर्नाटक, जम्मू-काश्मीर आणि तमिळनाडू. तिथून गोळ्यांचं पार्सल येत नाही, पण जवळच्या कोणत्या रुग्णालयात कोणत्या दारी जायचं ते कळतं. मध्यरात्रीच्या धडधडीत मेव्हण्याच्या गोळीपेक्षा हा फोन नक्कीच बरा.

कुंभकोणमला अशा घबराटीवरची वाट सरळ देवळाकडेही जाते. सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनमला तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळातलं कंपहरेश्वराचं देऊळ आहे; पिशाचबाधेने कापणाऱ्या राजाचा कंप तिथे गेला, अशी कथा. शेजारच्या तिरुविडैमरुदूरला एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडतात, म्हणजे पाठीला लागलेली बाधा पहिल्या दाराशीच राहते. हसण्यासारखं यात काही नाही. माणूस तिथे आपण घाबरलो आहोत हे चारचौघांत कबूल करतो, आणि दवाखान्यात ते कबूल करायला त्याला कित्येक महिने लागतात.

एक गोष्ट मात्र मेव्हण्याला सांगायला हवी. तो वर्षानुवर्षं अल्प्राझोलम घेत असेल, आणि चिठ्ठीअभावी एक दिवस काउंटरवरून रिकाम्या हाती परतला, तर खरा धोका त्याला आहे. एकाएकी थांबलेल्या गोळीने फिट येऊ शकते. त्याने पट्टी संपायची वाट न पाहता, आठवडाभर हाताशी असतानाच प्रत्यक्ष डॉक्टर गाठावा. बऱ्याचदा डॉक्टर त्याला हळू उतरणाऱ्या गोळीवर आणतात आणि मग आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करत जातात. काहींना त्याला महिने लागतात. या उतरणीवर डॉक्टरशी वारंवार बोलणं लागतं, झोप कशी, थरथर किती, मात्रा पुढच्या आठवड्यात कमी करायची की थांबायचं. ते बोलणं व्हिडिओवर, मराठीत, सांगलीच्या डॉक्टरशी खुशाल करावं; गोळ्यांची चिठ्ठी मात्र राहतो तिथल्या डॉक्टरकडून दर खेपेला नवी घ्यावी, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे फोन क्रमांक द्यावेत.